किनवटचे प्लॉट आणि छत्तीस-अ चे निमित्त

किनवटमध्ये चार जाणती माणसे बसली आणि विषय घरांवर आला की एक वाक्य हमखास पडते : ‘जागाच कुठंय मोकळी? सगळी आदिवासींची. छत्तीस-अ उठवा, मग बघा गाव कसं वाढतं.’ प्लॉटिंगवाला हे म्हणतो, गुत्तेदार म्हणतो, निवृत्त मुख्याध्यापक म्हणतात आणि नांदेडहून साइट बघायला आलेला पाहुणाही मान डोलावतो. गावाला लागून असलेल्या गोकुंद्याकडच्या जागेचा भाव ऐकून ज्याचे डोळे पांढरे झाले आहेत, त्याला हे कारण पटतेही. भाव चढा आहे, म्हणजे माल कमी असणार. माल कमी आहे, म्हणजे कुणीतरी तो अडवून धरला असणार. अडवणारा कोण, तर पन्नास वर्षांपूर्वीचा एक कायदा. हिशेब इतका सरळ वाटतो की कुणी तो पडताळून बघत नाही.

पडताळायची वेळ आता आली आहे, कारण ही बोलणी पारावरची राहिलेली नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी गडचिरोलीत जाहीर केले की आदिवासी शेतकऱ्याला आपली जमीन खासगी व्यक्तीला थेट भाडेपट्ट्याने देता येईल, त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत, करार जिल्हाधिकाऱ्यांसमोर होईल आणि एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये मिळतील. आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. पण आपल्या जुन्या मागणीवर मंत्र्यांचा शेरा पडला, असे किनवटच्या प्लॉटिंगवाल्यांना वाटले असेल तर नवल नाही.

तेव्हा कलम काय म्हणते ते आधी नीट वाचू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यात १९७४ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा अशा कोणत्याही मार्गाने जायची असेल तर आधी परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची. बाकी सगळ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या जोडीला राज्य सरकारची पूर्वमान्यता. एवढेच. हा दरवाजा बंद नाही. त्याला कडी आहे आणि ती वाजवावी लागते. ‘आदिवासीची जमीन घेताच येत नाही’ असे सांगणारा एक तर कलम वाचत नाही, नाहीतर वाचूनही तसे सांगतो.

दुसरी गोष्ट किनवटकरांनी लक्षात घ्यावी. हे कलम किनवटपुरते नाही. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळ्याला ते लागू आहे, डहाणूच्या वारल्याला लागू आहे आणि नांदेड शहराला खेटून एखाद्या आंध आदिवासीचे दोन एकर असतील तर त्यालाही लागू आहे. किनवट तालुक्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो, म्हणून इथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचा अधिकार वर चढतो हे खरे. पण ज्या छत्तीस-अ च्या नावाने खडे फोडले जातात तो सगळ्या महाराष्ट्राचा कायदा आहे. पुणे जिल्ह्यात तो असताना पुण्याचा घरबाजार कुठे थांबला? ठाणे जिल्ह्यात तो असताना कल्याणच्या पुढे इमारतींची रांग कुठे तुटली?

महाराष्ट्राबाहेर तर याहून कडक कायदे आहेत. रांची छोटा नागपूर काश्तकारी कायद्याच्या मुलखात वसलेली आहे. तो कायदा १९०८ चा, इंग्रजांच्या काळातला, बिरसा मुंडांच्या उठावानंतर आलेला. २००० साली रांची राजधानी झाली, आणि कायदा जागच्या जागी असताना तिथे कॉलन्या उभ्या राहिल्या, अपार्टमेंटे उभी राहिली. २०१६ मध्ये सरकारने तो कायदा सैल करणारे विधेयक आणले, तेव्हा २०१७ मध्ये ते परत पाठवणाऱ्या राज्यपालांचे नाव होते द्रौपदी मुर्मू. हिमाचलमध्ये १९७२ च्या कायद्याचे कलम ११८ बिगर-शेतकऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. सिमल्याचा घरबाजार त्यामुळे ओस पडल्याचे ऐकिवात नाही. आणि लांब कशाला, आपल्याच शेजारी आदिलाबादकडे बघा. तिकडच्या अनुसूचित क्षेत्रात १९७० चा विनियम आहे, ज्याला तिथली माणसे ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात. त्यात बिगर-आदिवासीने बिगर-आदिवासीला जमीन विकण्यावरही बंदी आहे. किनवटचा कायदा फक्त आदिवासीच्या मालकीची जमीन राखतो. पलीकडचा कायदा सगळ्या क्षेत्रालाच कुंपण घालतो. किनवटच्या ज्या व्यापाऱ्याचे आजोळ आदिलाबादेत आहे त्याला हा फरक माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. बैठकीत बोलताना मात्र तो विसरतो.

आता जमिनीवर येऊ. गोकुंद्याकडची कुठलीही नवी साइट घ्या. रस्त्याला लागून कमान, कमानीवर कुठल्या तरी देवाच्या नावाची ‘नगरी’. आत मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यात सिमेंटचे ठोकळे आणि त्यावर लाल रंगात प्लॉटचा नंबर. फलकावर ‘एन.ए. प्लॉट विक्रीस उपलब्ध, रोड टच, बँक लोनची सोय’. गिऱ्हाईक येते ते बहुधा जोडीने, रविवारी, मोटारसायकलवर नाहीतर नव्या कारमधून. ते भावाची घासाघीस नंतर करते. त्याआधी मोबाइलवर सातबाऱ्याचा फोटो मोठा करून दोन जागा बघते : भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिले आहे. तिथे छत्तीस-अ चा उल्लेख दिसला की गाडी वळते. ‘नाही साहेब, आपलं क्लिअर आहे, वर्ग एक,’ असे साइटवाला छातीवर हात ठेवून सांगतो, आणि मग इसाराची गोष्ट निघते.

या दोन मिनिटांच्या तपासणीत आपला सगळा वाद सामावलेला आहे. ज्या जमिनीचा भाव चढला आहे, जिच्यावर कॉलनी उभी राहते आहे, ती मुळात छत्तीस-अ च्या कक्षेतच नाही. म्हणजे बंधन नसलेला माल महाग आहे. यावर प्लॉटिंगवाल्यांचे उत्तर ठरलेले : बंधनातली जमीन मोकळी झाली तर माल वाढेल, भाव उतरतील. ठीक. मग संध्याकाळी त्याच कॉलनीत एक फेरी मारून बघावी. विकले गेलेले किती प्लॉट काटेरी बाभळी माजवून पडून आहेत? त्यांचे मालक आहेत, रजिस्ट्री झाली आहे, कंपाउंडचे चार खांबही रोवलेले आहेत, घर नाही. ते घर बांधण्यासाठी घेतलेलेच नव्हते. ते भाव वाढण्याची वाट बघत पडले आहेत. राहायला जागा नाही म्हणून भाव चढले असते तर विकलेल्या प्लॉटवर आधी घरे दिसली असती.

भाव चढायची कारणे काय ती किनवटमध्ये सगळ्यांना माहीत आहेत, फक्त ती एका दमात सांगायची सवय नाही. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि नंदीग्राम एक्सप्रेस मुंबईला थेट जोडणारी झाली. राष्ट्रीय महामार्ग १६१-अ चे काम रखडत, धूळ उडवत का होईना, चालू राहिले. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, उपविभागीय कार्यालय, गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय, महाविद्यालये यांच्याभोवती नोकरदार जमले. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ‘किनवट जिल्हा होणार’ ही हाकाटी. नव्या जिल्ह्यांच्या चर्चेत नांदेड तोडून किनवट करण्याची गोष्ट वर्षानुवर्षे निघते आणि ती निघाली की साइटवरचे फलक नव्याने रंगतात. जिल्हा झाला नाही. भाव मात्र जिल्ह्याचे झाले.

आणि घेणारा कोण? याच प्रश्नावर आमची मंडळी सगळ्यांत कमी बोलतात. किनवटची जुनी श्रीमंती निराळी होती. ती सागाची, तेंदूची, कापसाची आणि सावकारीची. जुन्या बाजारातल्या घरांत अजून तिचे खांब दिसतात. ती माणसे घरात तेलुगू बोलत आणि दुकानात मराठी. नव्या कॉलनीतली श्रीमंती पगाराची आहे. नवराबायको दोघे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, वनखात्यातले, बांधकाम आणि पाणीपुरवठ्यातले अभियंते, आश्रमशाळांचे कर्मचारी, परिचारिका, दोन-चार डॉक्टर, कृषी केंद्रवाले आणि या सगळ्या खात्यांची कामे घेणारे गुत्तेदार. यांतल्या बहुतेकांचा पैसा कष्टाचा आहे, त्यात वाद नाही. पण तो कुठून येतो ते बघा.

राज्य सरकारचा ६ ऑगस्ट २००२ चा निर्णय आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला एकस्तर वरची वेतनश्रेणी द्यायची आणि वर मूळ वेतनाच्या १५ टक्के, किमान २०० व कमाल १,५०० रुपये प्रोत्साहन भत्ता. हेतू उघड होता : शहरातली माणसे या भागात यायला नाखूश असतात, त्यांना ओढून आणायचे. किनवट-माहूरच्या शिक्षकांना एकस्तर मिळते ते तालुका आदिवासी आहे म्हणून. आश्रमशाळा आहे ती आदिवासी आहेत म्हणून. प्रकल्प कार्यालय आणि त्यामागून येणाऱ्या निविदाही त्याचसाठी. म्हणजे ज्या ओळखीमुळे या तालुक्यात जादा पगार आणि जादा निधी येतो, ती ओळख पगाराच्या चिठ्ठीवर हवीहवीशी आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात नकोशी. गोंड, कोलाम, आंध इथे राहतात म्हणून आपल्याला एकस्तर मिळते, आणि त्यांची जमीन त्यांच्याकडे राहते म्हणून आपले गाव मागे पडते, ही दोन वाक्ये एकाच तोंडातून निघतात. सोयीचे तेवढे घ्यायचे, हा यातला नियम.

आता, हा पैसा निदान किनवटमध्ये मुरतो, चांगली वस्ती झाली की गाव वर येते, हा पुढचा दावा. तो तर साफ फसवा आहे. मुलगा आठवी-नववीत गेला की आई त्याला घेऊन नांदेडला जाते. श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगर या भागांत नीटच्या शिकवण्या आहेत. तिथे भाड्याची खोली घेतली जाते, पुढे फ्लॅट. किनवटच्या प्लॉटवर कर्ज काढून नांदेडचा फ्लॅट घेणारी घरे मोजायला बसलात तर हाताची बोटे पुरणार नाहीत. ज्यांना ते जमते त्यांतले काही स्वतःच नांदेडहून ये-जा करतात. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता उचलणाऱ्या शिक्षकांचा विषय काढला, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. शिक्षकांची काही बाजू होतीच : खेड्यात राहायला धड घर नाही, मुलांना शाळा नाही. मान्य. पण मग ‘आमच्या कॉलनीने किनवट वर आले’ असे म्हणू नये. कॉलनीने किनवटचा पैसा गोळा केला आणि त्याचा मोठा वाटा नांदेडला पाठवला.

वर येण्याचीच गोष्ट करायची तर त्याच तालुक्यातली दुसरी घरे बघा. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा कुटुंबाला पक्क्या घरासाठी २ लाख रुपये मिळतात. ग्रामीण घरकुलाचे ठरलेले किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आत. गोकुंद्याच्या नव्या बंगल्यात चारचाकी आणि दोन मोटारसायकली उभ्या करायला साधारण तेवढीच जागा सोडतात. आणि त्या २ लाखांत पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीतले, घर बांधायचे तर सिमेंट, सळई, वाळू सगळे किनवटहून चढवायचे. भाडे वाहनाचे, वर चढाव. हप्ता भिंतीपर्यंत पोचला की छताला पैसे उरत नाहीत. ज्यांच्याकडे स्वतःची जागाच नाही, त्यांना जागा घेण्यासाठी सरकारची वेगळी योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्यायांच्या नावाची, ५०० चौरस फुटांपर्यंत. कॉलनीच्या वाढलेल्या भावाने त्या ५०० फुटांचे काय होते, हे कुठल्याही ग्रामसेवकाला विचारा. तो बहुधा त्याच कॉलनीत राहतो.

एवढे झाल्यावर समोरचा खरा आक्षेप घेतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. तो म्हणतो : ठीक आहे, आमचे सोडा. पण आदिवासीचे काय? त्याच्या शेजारच्या मराठ्याची जमीन लाखांनी विकते, त्याची मातीमोल जाते, कारण घेणारा फक्त दुसरा आदिवासी. मुलीचे लग्न, दवाखाना, पोराचे शिक्षण. गरज पडली तर तो काय करणार? कायद्याने त्याला गरीब ठेवला.

यातला पहिला भाग खरा आहे. घेणारे कमी असले की भाव पडतो, याला अर्थशास्त्र शिकायला लागत नाही. आणि आणखी एक खरे, जे आदिवासी पुढारी सहसा बोलत नाहीत : घेणारा जो ‘दुसरा आदिवासी’ असतो तो पुष्कळदा नोकरीतला, कॉलनीत घर असलेला आंध किंवा गोंडच असतो, किंवा त्याच्या नावामागे पैसा घालणारा कुणी तिसराच असतो. सालगड्याच्या नावावर खरेदी, मालकाच्या कपाटात कागद. बॉण्ड पेपरवर सौदाचिठ्ठी, वर मुखत्यारपत्र, ताबा आजच, खरेदीखत ‘कायदा उठल्यावर’. हे प्रकार आहेत. कायदा आदिवासींच्या आतली विषमता मिटवत नाही आणि सगळ्या पळवाटा बुजवत नाही. हे मी मान्य करतो आणि पुढे जातो, कारण यातून ‘म्हणून कायदा उठवा’ हा निष्कर्ष निघत नाही. पडलेल्या भावातही पळवाटा काढून जमीन हातची जाते, तर कडी काढल्यावर ती थांबेल, हे कुठले तर्कशास्त्र?

आणि अशा विक्रीने आदिवासी श्रीमंत होतो का, याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलेला आहे. १९७४ च्या जमीन परत देण्याच्या कायद्यात एक कालखंड नमूद आहे : १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४. या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत द्यायच्या, असा तो कायदा. सतरा वर्षांची विक्री सरकारला मागे फिरवावी लागली, यावरूनच त्या विक्रीचे स्वरूप कळते. कुणी श्रीमंत झाले असते तर असा कायदा करायची पाळी आली नसती. ज्यांनी जमिनी घेतल्या होत्या ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या प्रकरणात डिसेंबर १९८४ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

किनवटला हा इतिहास आणखी मागे जातो. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या उठावाचा नेता कुमराम भीम मारला गेला. भांडण जल, जंगल आणि जमिनीचे होते. त्या उठावानंतर निजामाच्या सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांची स्थिती अभ्यासायला आणले आणि पुढे गोंडांना पट्टे देण्याचे काम झाले. निजामाचे राज्य गोंडांचे कैवारी नव्हते, त्याला बंडाची धास्ती होती. पण त्या राज्यालाही एक गोष्ट कळली होती : बाहेरून आलेल्या पैशापुढे गोंडाची जमीन बाजारात टिकत नाही. १९८१ साली इंद्रवेल्लीला पोलिसांच्या गोळीबारात गोंड मारले गेले, तेव्हाही मुळाशी जमिनीचाच प्रश्न होता. किनवटहून इंद्रवेल्ली काही परदेशात नाही.

आता मंत्र्यांच्या घोषणेतला भाडेपट्टा. तो म्हणजे विक्री नव्हे, असे सरकार म्हणते. मालकी त्याचीच राहील, वर वर्षाला ५० हजार. इगतपुरी, शहापूरकडे हा प्रकार कागदावर निराळा असला तरी डोळ्यांना दिसतो : तारेचे कुंपण, आत फार्महाउस, आणि गेटवर ज्याची जमीन होती तोच किंवा त्याचाच कुणी भाऊबंद वॉचमन. नांदेडच्या गुत्तेदाराने किनवटच्या डोंगरात एकरभर पट्ट्याने घेऊन त्यावर काँक्रीटचे बांधकाम केले, तर मुदत संपल्यावर ते पाडून नांगरट करून कोण देणार? पाच वर्षांच्या पट्ट्यासाठी आजही जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. अडचण फक्त मंत्रालयाच्या फेऱ्यांची असेल तर त्या फेऱ्या कमी करा, अर्जाला मुदत घाला, उत्तर लेखी द्या. त्याला कुणाचा विरोध नाही. पण एकरी दराचा आकडा आधी जाहीर करणाऱ्याला फेऱ्या कमी करायच्या नसतात, दुकान उघडायचे असते.

घर बांधू पाहणाऱ्या सामान्य माणसाला किनवटमध्ये खरोखर कोण अडवते, हेही एकदा सांगून टाकू. त्याला अडवले तुकडेबंदीने. १९४७ च्या कायद्याने ठरलेल्या प्रमाणाखालचा तुकडा विकता येत नव्हता. २०२३ मध्ये ते प्रमाण जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झाले. शिपाई, चालक, अंगणवाडीताई यांना लागतो गुंठा-दोन गुंठे. तो कायदेशीर मिळवायचा तर मंजूर लेआउटमधला, आणि लेआउट मंजूर करून घेण्याची ऐपत मोठ्या प्लॉटिंगवाल्याची. मग ज्याला ते परवडत नाही तो बॉण्डवर घेतो, ग्रामपंचायतीत नमुना आठला नाव लावतो आणि बँकेच्या दारातून परत येतो. या सगळ्यात छत्तीस-अ कुठेही नाही.

आणि या तुकडेबंदीच्या कायद्याचे पुढे काय झाले? २०१७ मध्ये बाजारभावाच्या २५ टक्के भरून असे तुकडे नियमित करायची सोय झाली. २०२४ मध्ये २५ चे ५ टक्के झाले. २०२५ मध्ये तेही माफ. गरीब गुंठेवाल्यांना दिलासा मिळाला, चांगलेच झाले. त्यांच्या नावाआड ज्यांनी शेते कापून प्लॉट पाडले त्यांनाही तो तेवढाच मिळाला. ज्या कायद्याने खरोखर घरे अडली होती तो आठ वर्षांत पाण्यासारखा पातळ झाला. तरी किनवटचे भाव उतरले नाहीत, आणि तरी बोट मात्र छत्तीस-अ कडेच.

पगारातून प्लॉट होतो, तर पगार कुणाला मिळतो याचाही विचार करावा लागेल. पेसा क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी १७ संवर्गांतली पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांनी भरायची, अशी राज्यपालांची अधिसूचना आहे. ती न्यायालयात अडकली, निवड झालेली पोरे वाट बघत बसली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे उपाध्यक्ष असलेले नरहरी झिरवाळ काही आदिवासी आमदारांसह मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उतरले, त्यांच्या मागण्यांत ही भरती होती. लोकांनी त्याचे व्हिडिओ करमणूक म्हणून फिरवले. पण किनवटच्या नव्या कॉलनीत पुढच्या वीस वर्षांत कोणाच्या नावाच्या पाट्या लागतील हे त्या भरतीवर ठरणार आहे. आदिवासीला प्लॉट विकू द्या असे म्हणणारे, त्याला प्लॉट विकत घेता यावा म्हणून या भरतीबद्दल कधी बोलल्याचे मी ऐकलेले नाही.

राहिली परवानगी. ज्याला आदिवासीची जमीन घरासाठी, दवाखान्यासाठी, मंगल कार्यालयासाठी खरोखर हवी आहे, त्याने जरूर मागावी. कलमातच लिहिले आहे की अर्ज घेणाऱ्याने, म्हणजे बिगर-आदिवासीने करायचा. त्यात किंमत लिहावी लागते, जमीन कशासाठी हवी ते लिहावे लागते, आसपासचा दुसरा आदिवासी तेवढ्याच किमतीला घ्यायला तयार आहे का हे तपासले जाते आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेपुढे सगळे मांडावे लागते. इसाराची खरी रक्कम, पुढे पाडायचे प्लॉट आणि त्यांचा दर हे सगळे विकणाऱ्याच्या पोरांसमोर, त्याच्याच गावात, मोठ्याने वाचले जाते. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘छत्तीस-अ उठवा’ म्हणाले, की त्याला एवढेच विचारा : तुम्ही अर्ज कधी केला होता, आणि त्यात किंमत किती लिहिली होती?